थुंकी पसंत आहे

लग्नाच्या बाजारात मुलीला चालून दाखवायला लावतात, गाऊन दाखवायला लावतात, सुईत दोरा ओवायला लावतात, आणि पाहुणे फारच चौकस असले तर केस मोकळे सोडून दाखवायलाही सांगतात. पण मुलाची थुंकी मागणारा मुलीचा बाप उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माईच्या वाट्याला नवरा म्हणून आला होता.

श्यामकांत टिपणीस अंबरनाथला काड्यापेट्यांच्या कारखान्यात हेडक्लार्क होते. हाताखालची माणसं त्यांना चळाचळा कापत आणि ते स्वतः जंतूंना. दाराची कडी ते कोपराने काढत. पोस्टमनने दिलेलं पत्र चिमट्याने धरून आधी उन्हात टाकत आणि मग वाचत, त्यामुळे नात्यात कुणी गेलं तरी त्यांना ते शेजाऱ्यांच्या नंतर कळे. शिवमंदिरात गेले तर महादेवाला लांबूनच हात जोडत, कारण तीर्थ देणाऱ्या गुरवाची नखं त्यांनी एकदा बघून ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ पोटॅशच्या जांभळ्या पाण्याने गुळण्या करत. त्या गुळण्यांचा आवाज बैठ्या चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत जाई, आणि त्यावर बायका चुलीवरचा भात उतरवत.

माई हे सगळं हसण्यावारी नेई, पण तिला मनापासून हसता येत नसे. त्याला कारण थोरली अंजनी. फाळणीच्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. जावई गोरापान, गालांवर कशी लाली! ती लाली तापाची आहे हे टिपणिसांकडे कुणाला कळलं नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही. जावई क्षयाने गेला आणि पाठोपाठ अंजनी खोकत माहेरी आली. त्या रोगावरची इंजेक्शनं तेव्हा मुंबईतल्या बड्या लोकांनाच मिळत. मागल्या पडवीत तिची खाट पडली. तिचं ताट वेगळं, वाटी वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं. श्यामकांत उंबऱ्याशी उभे राहून विचारत, "बरं वाटतंय का गं?" आणि ती हो म्हणे. त्यांचं मुलीवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हटलं असतं तर माईने त्याचं थोबाड फोडलं असतं. पण उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही, हेही तितकंच खरं.

अंजनी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं अंथरूण जाळलं, भिंतींना चुना काढला आणि माईला सांगितलं, "तिची भांडी वालधुनीत टाकून ये." माई पदराखाली भांडी घेऊन नदीवर गेली आणि पदर सावरत परत आली.

आता धाकटी सुनेत्रा सव्वीस वर्षांची झाली होती आणि मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होती. स्थळं येत, पोहे खात, मुलगी पसंतही पडे. मग श्यामकांत झाकणाची एक रिकामी बाटली उकळून, पुसून, वरपक्षासमोर ठेवत आणि आपली अट सांगत. मुलाची थुंकी तपासून येईल, क्षय नाही असं डॉक्टर म्हणेल, त्यानंतरच पुढची बोलणी. एका वरबापाला आधी वाटलं की बाटलीत अत्तर देणार आहेत. खरं कळल्यावर तो चपला न घालताच निघाला आणि अर्ध्या वाटेवरून चपलांसाठी परत आला. ज्ञातीत त्यांना थुंकीवाले टिपणीस म्हणू लागले. आणि सुनेत्राने माईला सांगून टाकलं होतं, की आणखी एकदा बसेन, त्यानंतर मला कुणासमोर बसवायचं नाही.

ते एकदा म्हणजे बदलापूरचं ताम्हाण्यांचं स्थळ. मुलगा श्रीपाद, उल्हासनगरला रेशन ऑफिसात. आईबाप नव्हते, काका गुरुदत्त ताम्हाणे यांनी वाढवलेला. काका म्हणजे भरघोस मिशा आणि त्याहून भरघोस मान. बाटली पुढे आली तसे ते पोह्यांची बशी खाली ठेवून उठलेच.

"आम्ही मुलगी बघायला आलोय, टिपणीस. दवाखान्यात नाही आलो."

श्रीपादने मात्र बाटली उचलली, झाकण काढून आत बघितलं आणि शांतपणे विचारलं, "सकाळची लागेल, की आत्ताची चालेल?"

खाली मान घालून बसलेली सुनेत्रा फिसकन हसली. दाखवायच्या कार्यक्रमात मुलीने हसायचं नसतं, पण तिच्याने राहवेना. श्यामकांतांचा चेहरा तर असा उजळला, की जणू हा प्रश्न आपल्याला कुणीतरी विचारावा म्हणून ते इतकी वर्षं पोहे खाऊ घालत होते.

"सकाळची," ते म्हणाले. "उपाशीपोटी. दात घासायच्या आधी."

"पाठवतो," श्रीपाद म्हणाला.

काका दारातून वळले. "रविवारी दुपारी मी कल्याणला दुसरी मुलगी बघायला निघणार. त्याच्या आधी होय की नाही ते कळवा. ती माणसं थुंकीबिंकी मागत नाहीत."

संध्याकाळी शेंगा सोलताना सुनेत्रा म्हणाली, "माई, हा चालेल."

"एवढं काय बघितलंस त्याच्यात?"

"त्याला राग नाही आला." आणखी एक शेंग सोलून ती पुन्हा म्हणाली, "आणि त्याला बाबांची कीवही नाही आली."

माईने त्या दिवसापासून श्रीपादच्या थुंकीसाठी देव पाण्यात ठेवले. देवांच्या वाट्याला आजवर नाना तऱ्हेचे नवस आले असतील, पण हा पहिलाच असावा.

थुंकी तपासायला उल्हासनगरात कॅम्प तीनमध्ये डॉक्टर होतचंद होते. सिंधमधून येताना बायकोच्या दागिन्यांचा डबा तिकडेच राहिला आणि जंतू बघायची दुर्बीण तेवढी मांडीवर घेऊन ते इकडे आले, हे त्यांची बायको अजून विसरली नव्हती. श्यामकांतांचा त्यांच्यावर विश्वास होता, पण त्यांच्या दवाखान्यात पाय ठेवायची हिंमत नव्हती, कारण तिथे बाकावर खोकणारी माणसं बसत. म्हणून हे काम शिरगावच्या सदूवर सोपवलं. सदू टिपणिसांकडे दूध घाली आणि कॅम्पात डॉक्टरांकडेही. त्याने बदलापुराहून श्रीपादची बाटली नेली आणि शुक्रवारी सकाळी दुधाबरोबर निकाल घेऊन आला. सुनेत्रा शाळेत गेली होती.

"सायेब, डाक्टर बोलला, कागद मागनं देतो, पन तोंडी सांग. पोऱ्याच्या थुकीत टीबी नाय."

माईने दुधाचं पातेलं खाली ठेवून हात जोडले.

"फकस्त फ्लोरा गावली," सदू म्हणाला.

"कोण सापडली?"

"फ्लोरा. नारमल फ्लोरा. मी दोनदा इचारलं, म्हन्लं नाव चुकायला नको. डाक्टर बोलला, टिपणीस सायबाला सांग, घाबरू नको, फ्लोरा समद्यांच्याच तोंडात अस्ते, तुज्यापन हाय. मी बोल्लो, माज्या नाय हां डाक्टर. मी माळकरी मानूस."

श्यामकांत पायरीवर बसले. बसण्याआधी त्यांनी पायरी पुसली नाही, यावरून माईला प्रकरणाचा अंदाज आला.

श्यामकांतांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण त्यांचं इंग्रजी काड्यापेट्यांचे खोके, रेल्वेच्या वाघिणी आणि 'युवर ओबिडियंट सर्व्हंट' एवढ्या हद्दीतलं. त्या हद्दीत फ्लोरा एकच होती, मिस फ्लोरा डिमेलो, त्यांच्याच ऑफिसातली टायपिस्ट. फुलाफुलांचे फ्रॉक घालायची, उंच टाचा वाजवत जायची, आणि ती व्हरांड्यातून गेली की पॅकिंग खात्यातली गडीमाणसं खोके मोजायला चुकायची. फ्लोरा सगळ्यांच्या तोंडी असते, यात डॉक्टर म्हणाले त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मुलगा बाहेरख्याली आहे," श्यामकांत म्हणाले.

"अहो, थुंकीवरून कसं कळेल हे डॉक्टरला?"

"तुला काय माहीत? विज्ञान कुठल्या कुठे गेलंय!"

"पण नॉर्मल म्हणालाय ना तो?"

"हीच तर शरमेची गोष्ट आहे. त्यांच्या मते हे नॉर्मल!" श्यामकांत उठले आणि गुळण्या करायला गेले. चाळीतल्या दोन बायकांनी त्या दिवशी भात कच्चाच उतरवला.

माई विचार करत राहिली. 'सकाळची की आत्ताची' असं विचारणारा मुलगा लपवाछपवी करणारा वाटत नव्हता. पण गोरापान जावईही कुठे वाटला होता? यावेळी ती दुसऱ्यांच्या सांगण्यावर विसंबणार नव्हती. सुनेत्राला काही न बोलता ती शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी व्हायच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि मिस फ्लोरा टाचा वाजवत बाहेर आली तशी तिला आडवी गेली.

"बाई, एक विचारते, राग मानू नका. श्रीपाद ताम्हाण्यांचं नि तुमचं काय आहे?"

"कोण श्रीपाद?" फ्लोरा कल्याणची, मराठी चांगलं खणखणीत बोलायची.

"बदलापूरचा. रेशन ऑफिसातला. त्याच्या थुंकीत तुम्ही सापडलात."

फ्लोराने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. माईला वाटलं आता ती डोक्यात बसणार.

"मी? थुंकीत?"

"डॉक्टरांनी सांगितलं. म्हणाले, तुम्ही सगळ्यांच्याच तोंडात असता."

"कोण तो डॉक्टर?" फ्लोरा एवढ्या मोठ्याने म्हणाली, की फाटकातून बाहेर पडणारं पॅकिंग खातं जागच्या जागी थांबलं. "माझा साखरपुडा झालाय, माई! वसईचा आहे तो, पेद्रू. त्याच्या कानावर गेलं तर पाद्रीसमोर उभी करील मला. चला, कुठे आहे तो डॉक्टर?"

आणि मग अंबरनाथच्या रस्त्यावर लोकांना एक दृश्य दिसलं. टांग्यात एका बाजूला नऊवारीतल्या टिपणीसबाई, दुसऱ्या बाजूला फ्रॉकमधली मिस फ्लोरा, दोघींची तोंडं सारखीच फुगलेली, आणि दोघींपैकी कुणाकडे बघावं हे न कळून मान वळवून वळवून बघणारा टांगेवाला.

कॅम्प तीनमध्ये दवाखाना म्हणजे मिलिटरीच्या जुन्या बॅरेकचा एक तुकडा, मध्ये गोणपाटाचा पडदा, पडद्यापलीकडे डॉक्टरांची बायको पापड लाटत होती. डॉक्टर होतचंद सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. फ्लोराने आत शिरताच टेबलावर पर्स आपटली.

"मी फ्लोरा! कुणाच्या तोंडात बघितलंत मला?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, माईकडे बघितलं, आणि हळूहळू सगळा घोटाळा त्यांच्या ध्यानात आला. मग ते जे हसायला लागले ते थांबेनात. पलीकडून बायकोने सिंधीत काहीतरी विचारलं, त्यांनी हसत हसतच सांगितलं, आणि गोणपाटामागेही लाटणं थांबलं.

"अरे साईं! फ्लोरा बाई नाय! फ्लोरा म्हंजे जंतू. छोटे छोटे जंतू. लॅटिन में बोलते हैं. फूल, झाड, बगीचा. तोंडात बगीचा आहे."

"माझ्या आईने माझं नाव फुलावरून ठेवलं ते तिने ठेवलं," फ्लोरा म्हणाली. "जंतूंना कुणी ठेवायला सांगितलं?"

माईला तिच्या नावाशी काही घेणंदेणं उरलं नव्हतं. "म्हणजे मुलाला रोग आहे?"

"बिलकुल नाय! मुलगा एकदम चंगो. हे जंतू रोगवाले नाय, घरवाले. सबके होते हैं." डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. समजावून सांगायला कुणीतरी मिळालं याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता, कारण रोजचे पेशंट फक्त औषध कधी हेच विचारत. "माई, ये बॅरेक बघा. मिलिटरी गेली, खाली पडली. हम आये, बैठ गये. पहिल्या साली तुमची माणसं बोलली, ही कुठून आली घाण. बोलली ना?"

श्यामकांतांनी नेमकं तेच म्हटलं होतं.

"आता पापड इधरसे, कपडा इधरसे. ठीक है. अब बताओ, या बॅरेकमध्ये चोर घुसेल? कुठे घुसेल? खाट को लगके खाट आहे. बसायला जागा नाय. वैसा तुमच्या तोंडात, पोटात, चमडीवर ये लोग बसलेत. दाटीवाटीने. बाहेरचा बदमाश जंतू आला तर हे बोलतात, जागा नाय, आगे जाओ."

"आणि धुतलं तर?"

"धुवो! थोडे जायेंगे, शाम को वापस. सब निकाल दिये तो मग चोरांचीच मजा." डॉक्टरांनी हात पुसले. "बच्चा पैदा होता है ना, एकदम साफ. पहिले जंतू त्याला आई देते. दूध देण्याच्या पण आधी. मग ते मरेपर्यंत सोबत."

माईला हे ऐकून कसंसंच झालं. अंजनी झाली तेव्हा रात्रभर तिला छातीशी धरून ती बसली होती. आपण तिला नाव दिलं, दूध दिलं, हे तिला ठाऊक होतं. त्याआधीही काही दिलं होतं हे आज कळत होतं.

"बघायचं आहे?" डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काड्यापेटीतली एक काडी काढून, तिचं गुल नसलेलं टोक माईच्या दाढेवरून फिरवलं. काचेवर थेंब, त्यावर दुसरी काच, आणि दुर्बीण तिच्यापुढे. माईने डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला, मग स्वतःच्याच पापण्या. डॉक्टरांनी चक्री फिरवली आणि एकाएकी सगळं हलायला लागलं. काही मण्यांसारखे, काही काड्यांसारखे, एक नागमोडी सळसळत कुठेतरी निघालेला. कुणी कुणाला धडकत होतं, कुणी एका जागी गरगरत होतं. ताम्हाण्यांचं नाही, हे सगळं टिपणिसांच्या घरातलं.

"अगं बाई," माई म्हणाली. "आणि मी स्वतःला एकटी समजत होते."

मग फ्लोरानेही स्वतःचे बघितले आणि माईच्यापेक्षा आपले जरा ऐटीत चालतायत असं जाहीर केलं. परतीच्या टांग्यात दोघी पापड खात आल्या.

घरी येऊन माईने सगळं सांगितलं. आधी श्यामकांतांच्या चेहऱ्यावर सुटकेची कळा आली. मग त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा मनाशी घोळवलं आणि कळा गेली.

"म्हणजे मुलाच्या तोंडात जंतू आहेत."

"सगळ्यांच्याच आहेत. माझ्याही आहेत, मी बघून आले डोळ्यांनी. तुमच्याही आहेत."

"माझ्या नाहीत. मी पोटॅशच्या गुळण्या करतो."

"अहो, पण डॉक्टर म्हणतात…"

"डॉक्टरने माझी थुंकी बघितलीय? नाही ना? मग?" श्यामकांतांनी निकाल दिला. "मुलगा बरा आहे, माझं काही म्हणणं नाही. त्याने सहा महिने गुळण्या कराव्यात. मग पुन्हा तपासू. तोंड रिकामं झालं की लग्न."

सुनेत्रा खिडकीशी शिवत बसली होती. तिने दोरा दाताने तोडला, कापडाची घडी घातली आणि आत गेली. रडली असती तर माईला बरं वाटलं असतं. ती पाटावर बसून मुलींच्या शिवणाचे नमुने नीट लावत राहिली, जणू आता तेवढंच काम उरलं होतं.

माईला राग आला. असा राग तिला अंजनी गेल्यावरही आला नव्हता, कारण तेव्हा रागवायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बदलापूरला निरोप न्यायला सदू येऊन ओट्यावर बसला होता. श्यामकांत साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन पानावर बसले. माईने भात वाढला, आमटी वाढली, वांग्याची भाजी वाढली.

"सदूला काय सांगू?" तिने विचारलं.

"सांगितलं ना काल. सहा महिने."

"बरं. तुम्ही जेवताय ते ताट कुणाचं आहे?"

श्यामकांतांनी वर बघितलं. "कुणाचं म्हणजे? आपलं."

"उलटं करून बघा."

जंतूंचा एवढा अभ्यास असलेल्या या माणसाने जन्मात कधी ताट घासलं नव्हतं. पुरुषांनी ताटाची एकच बाजू बघायची असते अशी त्या घरातली रीत होती, आणि ती बहुतेक घरांतली होती. एकदा जरी मोरीवर बसले असते तर त्यांना कधीच कळलं असतं.

बायकोच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून त्यांनी ताट तिरकं केलं. आमटी धोतरावर आली. ताटाच्या पाठीवर, पितळेत टिंबं ठोकून काढलेली अक्षरं होती: चि. अंजनी. बारशाला मामाने दिलेलं ताट.

"हे तू नदीत टाकलं होतंस," श्यामकांत म्हणाले.

"वाटी टाकली. भांडं टाकलं. ताट हातातून सुटलं नाही. घरी आणलं, राखेने घासलं, चुलीवर उकळलं, कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेतली. तुम्हाला पहिल्यांदा त्यात वाढलं ते चुकून. दुसऱ्यांदा चुकून नाही."

"का?"

"ती रोज विचारायची, बाबा जेवले का. तुम्ही तिच्याजवळ बसून एक घास खाल्ला नाहीत. म्हटलं, ती नाही तर नाही, निदान तिच्या ताटात जेवा. तेव्हापासून रोज जेवताय. अंगालाही लागलंय."

श्यामकांत ताट धरून बसले होते. माई थांबली नाही, आता तिला थांबता येत नव्हतं.

"भीती मलाही वाटत होती. पण तुमच्या भीतीनेच हे घर इतकं भरलं होतं, की माझ्या भीतीला बसायला जागा नव्हती. अंजनी पडवीत गेली. आता ही कुठे जाईल? शाळेत शिवण शिकवत म्हातारी होईल. आणि तुम्ही पाळलेल्यांत जंतू एकही नाही, नुसती भीतीच आहे."

आतल्या दारात सुनेत्रा येऊन उभी राहिली होती. तिलाही हे ताट कुणाचं ते ठाऊक होतं. भांडी दोघी मिळून घासत.

माईला वाटलं, आता ते उठून मोरीवर जातील. साबण मागतील, पोटॅश मागतील. श्यामकांतांनी ताट सरळ केलं आणि पुढ्यात ठेवलं. ताटाच्या पाठीवरून, अक्षरांवरून फिरलेला तोच हात त्यांनी पुढे केला. धुतला नाही.

"वाढ," ते म्हणाले.

माईने भात वाढला. ते जेवायला लागले आणि रडायलाही लागले, दोन्ही एकदमच, त्यामुळे एकही धड होईना. मुलगी गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. तेव्हा तो चुना आणायला गेला होता. माईचा सगळा राग एका घासाबरोबर उतरला आणि तिलाही रडू आलं, पण वाढणाऱ्याने रडायचं नसतं म्हणून तिने आणखी आमटी वाढली.

अर्धा भात संपल्यावर श्यामकांतांनी डाव्या हाताने नाक पुसलं आणि बाहेर हाक मारली, "सदू!"

"जी सायेब."

"बदलापूरला जा. गुरुदत्तांना म्हणावं, कल्याणला जायचं कारण नाही. थुंकी पसंत आहे."

सदू उठला, धोतर झटकलं, आणि दारातच अडला. "आन त्या फ्लोराचं काय सांगू, सायेब? त्यांना म्हाईत हाय का नाय ती?"

"सांग," श्यामकांत म्हणाले, "की ती आमच्याकडेही असते."

सदू गळ्यातल्या माळेला हात लावून निघाला. मोठ्या घरच्या गोष्टीत आपण पडायचं नाही, एवढं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

जेवण झाल्यावर श्यामकांत ताट घेऊन उठले. सुनेत्रा ते घ्यायला पुढे झाली, तर "राहू दे" म्हणाले आणि स्वतः मोरीवर उकिडवे बसले. राख किती घ्यायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी मूठभर घेतली. नारळाची शेंडी उलटी धरली. पुढची बाजू तशीच खरकटी राहिली आणि मागचीच ते घासत बसले, पुन्हा पुन्हा. माईने आणि सुनेत्राने एकमेकींकडे बघितलं, पण कुणी काही शिकवायला गेलं नाही.

त्यांनी ताट आणून दिलं तेव्हा अक्षरांच्या टिंबाटिंबांत राख बसली होती, त्यामुळे नाव लांबूनही वाचता येत होतं. माईने खरकटं तेवढं पुसून काढलं. पाठ तिने धुतली नाही. ताट मांडणीवर पालथं लावलं आणि सुनेत्राला म्हणाली, "हे तुझ्याबरोबर द्यायचं नाही हो. हे यांचं आहे."